खिडकीकाका आणि समोरची पिवळी भिंत

दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची लॅब होती. लॅब म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं, एक छोटी भट्टी, पॉलिश करायचं घरघरणारं यंत्र आणि उत्तरेकडे उघडणारी एक मोठी खिडकी. तुटलेल्या, किडलेल्या दातांवर बसवायच्या कॅपा ते तिथे बनवत. त्यांचं खरं नाव दवाखान्याच्या पाटीवर कुठेच नव्हतं आणि कुणाला फारसं ठाऊकही नव्हतं. जो पेशंट वर यायचा त्याला ते पहिलं वाक्य एकच म्हणायचे, "खिडकीपाशी बसा." त्यामुळे सगळे त्यांना खिडकीकाकाच म्हणत.

दात पांढरा असतो असं ज्याला वाटतं त्याने कधी दात नीट पाहिलेलाच नसतो, हे काकांचं आवडतं वाक्य. दात पिवळसर असतो, करडा असतो, मुळाशी तांबूस असतो आणि टोकाला तर काचेसारखा आरपार. शेजारच्या दाताशी कॅपेची शेड जुळली नाही, तर माणूस हसला की समोरच्याची नजर तिथेच जाऊन अडकते. शेड जुळवायचा काकांचा एक विधी होता. पेशंटला खिडकीपाशी बसवायचं, लिपस्टिक असेल तर पुसायला लावायची, भडक कपडा असेल तर गळ्याभोवती राखाडी कापड गुंडाळायचं. मग नमुन्याच्या दातांची माळ हातात घ्यायची, एकेक नमुना ओठाशी धरायचा, क्षणभर बघायचं आणि लगेच नजर काढून टेबलावरच्या राखाडी पट्टीवर टेकवायची. "डोळा दमला की खोटं बोलतो," ते म्हणायचे. "त्याला मधूनमधून बसायला स्टूल द्यावं लागतं." ती राखाडी पट्टी म्हणजे डोळ्याचं स्टूल.

खाली डॉक्टर होता, वयाने काकांच्या पुतण्याएवढा. अवघड पुढचा दात आला की तो पेशंटला सांगायचा, "वर काका आहेत ना, मग काळजी नको." हे वाक्य जिन्यातून वर ऐकू यायचं. काका तेव्हा मुद्दाम पॉलिशचं यंत्र बंद ठेवत असत.

हे सगळं सुरळीत चाललं होतं ते काकूंनी यात पाय ठेवेपर्यंत.

काकू गणितातल्या पदवीधर. लग्नानंतर घर, मुलगी, सासूचं आजारपण यात ती पदवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन पडली होती. मुलगी कॉलेजात गेली तशी काकूंनीही कॉलेजात जायला सुरुवात केली, संध्याकाळच्या कॉम्प्युटरच्या वर्गाला. काकांनी तेव्हा मोठ्या मनाने परवानगी दिली होती. म्हणजे काकूंनी मागितली नव्हती, पण त्यांनी दिली होती.

आणि काडी टाकली ती काकांनीच. एकदा जेवताना ते बाहेरगावच्या दवाखान्यांवर वैतागले होते. तिथले पेशंट इथवर येऊ शकत नसत, म्हणून दातांचे फोटो यायचे.

"एकानं ट्यूबलाइटखाली काढलाय, तर दात पाण्यात पडून शेवाळल्यासारखे. दुसऱ्यानं बल्बखाली काढलाय, तर जन्मभर तंबाखू खाल्ल्यासारखे. एकाच माणसाचे दोन फोटो, आणि दोन वेगळी माणसं. यावरून मी शेड काय, कपाळ लावू?"

"पण तुम्हाला समोर बसलेला माणूस ट्यूबखालीही तसाच दिसतो आणि बल्बखालीही तसाच," काकू म्हणाल्या.

"मला दिसतो. डोळा आहे मला."

"मग डोळा असं काय करतो, जे कॅमेरा करत नाही?"

काकांनी भात कालवायला घेतला. काकूंनी मात्र घास हातातच ठेवून विचार सुरू केला. वर्गात त्यांना एक प्रोजेक्ट करायचाच होता. त्यांनी हाच घेतला. फोटो कुठल्याही उजेडात काढलेला असो, उजेडाचा रंग ओळखायचा, तो वजा करायचा, आणि दाताचा स्वतःचा रंग शिल्लक ठेवायचा.

मग रोज प्रश्न. लिपस्टिक का पुसायची, कापड राखाडीच का, नजर पट्टीवर का टेकवायची. काका सांगत गेले. सुरुवातीला कौतुकानं, नंतर सवयीनं. बायको वहीत न लिहिता नुसती ऐकतेय म्हणजे वेळ घालवतेय, असं त्यांना वाटत होतं.

एक दिवस काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एक नियम सापडलाय. फोटोतले सगळे रंग एका भांड्यात कालवले, तर साधारण राखाडी व्हायला हवा. तसा न होता निळा झाला, तर समजायचं उजेडच निळा आहे. तेवढा निळा सगळ्या फोटोतून काढून टाकायचा. लाल आला तर लाल काढायचा. सोपं आहे."

काकांचा हात ताटातच थांबला. तोंडाच्या आत काय असतं ते त्यांच्याइतकं कुणी पाहिलं होतं? ओठ लाल, हिरड्या लाल, जीभ लाल. त्या फोटोतले रंग कालवले तर लालच येणार, मग उजेड कसाही असो. यंत्र बिचारं समजणार उजेड लाल आहे, तो काढून टाकणार, आणि दात हिरवे पडणार. हे त्यांना घास गिळायच्या आत कळलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"छान आहे," ते म्हणाले, आणि पाणी प्यायले.

आठवड्याभरात काकूंनी लॅपटॉप घेऊन डॉक्टरला प्रोग्राम दाखवला. काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, काहीतरी न्यायला आल्यासारखे उभे. पडद्यावर पहिला दात उमटला, कच्च्या पेरूच्या रंगाचा. दुसराही तसाच. डॉक्टरला हसू आवरेना. काकांच्या छातीत एकदम गार वाटलं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. काकूंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

घरी आल्यावर विचारलंही. "तुम्हाला माहीत होतं."

"मला काय कळतं यंत्रातलं?"

"हिरड्यांतलं कळतं."

काका पेपरात तोंड खुपसून बसले. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, बायकांना सवत असते. नवऱ्यांना काय असतं गं?"

"नवऱ्यांना यंत्र असतं," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

पण काकू हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सरळ काकांच्या टेबलावरची राखाडी पट्टी उचलली, तशाच राखाडी पुठ्ठ्यातून बोटभर तुकडे कापले, पट्टी जागेवर ठेवली आणि बाहेरच्या दवाखान्यांना पाठवून दिले. फोटो काढताना हा तुकडा दाताशेजारी धरायचा. तुकडा राखाडी आहे हे यंत्राला ठाऊक, मग तो फोटोत जेवढा पिवळा किंवा निळा दिसेल तेवढाच उजेडाचा गुन्हा. आता दात हिरवे पडेनात. बाहेरगावच्या कॅपा परत यायच्या थांबल्या. डॉक्टरने खाली जिन्याजवळ एक छोटं टेबल टाकलं आणि काकू दुपारच्या तिथे बसू लागल्या.

तेव्हापासून काकांच्या आयुष्यात आवाज फार झाले. "काकू, जरा बघता का हे?" हे वाक्य जिन्यातून वर यायचं आणि भट्टीच्या आवाजातही स्पष्ट ऐकू यायचं. चहा आधी खालच्या टेबलावर जाऊन मग वर येतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. काकू दुपारी कामाला लागायच्या आधी वर यायच्या, खिडकीत पट्टी आणि नमुन्याची माळ धरून मोबाईलनं एक फोटो काढायच्या, आणि निघून जायच्या. ही खिडकी म्हणे त्यांच्या यंत्राचं प्रमाण होती, तिच्यावरून बाकीचे उजेड तोलायचे. खरं तर यात काकांचा मान होता. पण त्यांना फक्त एवढंच दिसायचं, की बायको आपल्या स्टुलावर पर्स ठेवते.

"पर्स खाली ठेवत जा."

"खाली चुरा असतो तुमचा."

"तो कामाचा चुरा आहे."

"मग पर्सही कामाचीच आहे," काकू म्हणायच्या.

घरी येणारे पाहुणेही आता काकूंनाच विचारत. काकांचे साडू तर म्हणाले, "आता तुम्ही काय, रिटायरच. दात ती बघणार, तुम्ही नुसतं भट्टीत भाजायचं." काका हसले. त्या हसण्याची शेड कुठल्याच माळेत नव्हती.

याच दिवसांत समोरचं फर्निचरचं गोदाम रंगवलं गेलं. गेली कित्येक वर्षं ती भिंत सिमेंटची, उन्हापावसानं मळलेली होती. कुणा नव्या मालकानं तिला झेंडूच्या फुलालाही लाज वाटेल असा पिवळा रंग दिला. काकांनी खिडकीतून पाहून नाक मुरडलं होतं. "काय अवकळा आहे. माणसाला रंगाची काही जाण?" एवढं बोलून ते पुन्हा माळेकडे वळले होते. खिडकीत फोटो काढताना काकू पट्टीबद्दल काहीतरी बोलल्या, तेही त्यांनी अर्धवटच ऐकलं.

आणि त्यानंतर शाळेतल्या बाई आल्या.

खेळाच्या तासाला चेंडू लागून त्यांचा पुढचा दात अर्धा तुटला होता. बोलताना तोंडापुढे रुमाल धरायच्या. "मुलं म्हणतात, बाई हल्ली रागावलेल्या असतात," त्या काकांना म्हणाल्या. "मी रागावलेली नाहीये हो. मला हसता येत नाही, एवढंच." काकांनी त्यांना खिडकीपाशी बसवलं, कापड गुंडाळलं, माळ धरली, पट्टीवर नजर टेकवली, सगळं शास्त्रानुसार केलं. नमुना तर असा जुळला की कुठला कोणता ते ओळखू येईना. कॅप झाली, खाली गेली, आणि अर्ध्या तासात परत वर आली.

"काका, ही राखट दिसतेय," डॉक्टर स्वतः वर येऊन म्हणाला. "मेलेल्या दातासारखी. दारातल्या उजेडात बघा."

काकांनी भट्टीला दोष दिला. बाईंना पुन्हा बोलावलं, पुन्हा खिडकीपाशी बसवलं. पुन्हा तोच नमुना जुळला, भावाला भाऊ ओळखावा तसा. दुसरी कॅपही राखटच आली. बाईंनी फक्त रुमाल परत तोंडाशी नेला. ते काकांना शिव्यांपेक्षा लागलं.

डॉक्टर चांगला मुलगा होता, म्हणून त्याने फार मवाळपणे सांगितलं. "काका, तिसऱ्यांदा बाईंना परत पाठवता येणार नाही मला. यावेळीही नाही जमलं, तर शेड आपण खाली काकूंकडेच घेऊ. सगळ्यांचीच. तुम्ही कॅप बनवा. हात तुमच्यासारखा कुणाचा नाही."

हात. म्हणजे डोळा गेला आणि हात उरला. काकांनी मान हलवली. डॉक्टर उतरून गेल्यावर ते स्टुलावर बसले, तर तिथे पर्स होती.

त्या दिवशी घरी काकू ओट्याशी उभ्या राहूनच बोलल्या. "मी तुम्हाला सांगितलं होतं. भिंत रंगवल्यापासून खिडकीतल्या फोटोत पट्टी पिवळी पडतेय. दुपारी तर फारच."

"तुझं यंत्र पिवळं पडलं असेल."

"त्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं. तेच ऊन पिवळं होऊन तुमच्या खिडकीत येतं. त्या उजेडात दोन वेगळे दात सारखे दिसू शकतात, बाहेर नेले की परके."

"मला नाही दिसत पिवळं. पट्टी रोज बघतो मी. राखाडीच्या राखाडी आहे."

"दिसणारच नाही," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच काकांना जास्त झोंबलं. "मी यंत्राला जे शिकवतेय ते तुमचा डोळा जन्मापासून करतोय. उजेडाचा रंग वजा करतो. फक्त किती वजा केला ते तुम्हाला सांगत नाही. गुपचूप करतो. यंत्र सांगतं, एवढाच फरक."

"म्हणजे माझा डोळा लबाड आणि तुझं यंत्र हरिश्चंद्र."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हणायचं काय राहिलंय?"

मुलगी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जेवायला गेली.

तिसऱ्या खेपेला बाई दुपारीच आल्या. काकांनी त्यांना खिडकीपाशी बसवलं. माळ धरली. पुन्हा तोच नमुना, पुन्हा तसाच बेमालूम. त्यांनी पट्टीकडे पाहिलं. राखाडी. शपथेवर सांगता येईल इतकी राखाडी. बाई ओठ मागे ओढून, श्वास धरून बसल्या होत्या, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या. खालून काकूंचा आणि डॉक्टरचा हसण्याचा आवाज आला. कशावर हसत होते देव जाणे. काकांना वाटलं, आपल्यावरच.

आणि मग त्यांना एकदम समोरची भिंत दिसली. म्हणजे ती रोजच दिसत होती, पण आता ती बाईंच्या गालावर दिसली. हनुवटीखालच्या राखाडी कापडाच्या चुणीत एक बाजू उबदार होती, कुणी लांबून दिवा धरल्यासारखी.

"बाई," ते म्हणाले, "जरा मागच्या जिन्यात येता? कापड राहू द्या तसंच."

मागचा जिना उघडा होता. समोर भिंत नाही, झाड नाही, थेट ऊन नाही, नुसतं पांढरट आभाळ. काकांनी तोच नमुना बाईंच्या ओठाशी धरला. खिडकीपाशी जे जुळे भाऊ होते, ते इथे एकमेकांच्या ओळखीचेही नव्हते. नमुना राखट, बाईंचा दात मधासारखा. इतकं ढळढळीत, की काकांच्या मुलीनंही ओळखलं असतं. त्यांनी माळेतला पुढचा नमुना धरला, मग त्याच्या पुढचा. तो जुळला. नजर पट्टीवर टेकवून पुन्हा पाहिलं. जुळलेलाच.

बाईंना त्यांनी समोरच्या जिन्याने जायला सांगितलं आणि स्वतः तिथेच कठड्याला धरून उभे राहिले. आता हे कुणाला सांगायचं? कुणालाच नाही. शेड मिळाली होती, स्वतःच्या डोळ्यानं मिळवली होती. भिंतीचं काय आणि कुणी काय सांगितलं, हे कॅपेवर लिहिलेलं नसतं.

कॅप त्यांनी अशी बनवली की बनवताना स्वतःशी बोललेही नाहीत. बाईंच्या तोंडात ती बसली तेव्हा डॉक्टरने त्यांना आरसा दिला, दारातल्या उजेडात नेलं, परत आत आणलं, दिव्याखाली बसवलं. कुठला दात मूळचा ते विचारावं लागलं असतं. काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. काकू त्यांच्या टेबलाशी, उभ्या.

"शेवटी काका ते काका," डॉक्टर म्हणाला. "डोळा तो डोळा. काकू, तुमच्या यंत्रानं रागावू नये."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, त्या हिरव्या दातांच्या दिवशी पाहिलं होतं तसंच. काकांना छातीत तेच गार पाणी हवं होतं. आलंही, घोटभर. पण त्याला पुठ्ठ्याची चव होती.

बाई आरशात बघून हसल्या. रुमालाशिवाय हसणं विसरल्यामुळे आधी थोडं वाकडं, मग सरळ. आणि शिक्षिकाच त्या, विचारल्याशिवाय कशा राहतील. "पण काका, मग आधी दोनदा का चुकलं?"

काकांनी घसा साफ केला. भट्टी हा शब्द अगदी जिभेवर होता.

"समोरची भिंत रंगवली," ते म्हणाले. "तिचा पिवळा उजेड येत होता खिडकीत. मला दिसत नव्हता." मग दात काढताना पेशंट जसा खुर्चीचा हात धरतो तसा त्यांनी कठडा धरला. "हिनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

डॉक्टर काकूंकडे वळला.

"आणि हिरड्यांमुळे दात हिरवे होणार, हे यांना आधी माहीत होतं," काकू म्हणाल्या. "यांनी सांगितलं नाही."

"म्हणजे फिटंफाट," बाई म्हणाल्या, वर्गातलं भांडण मिटवावं तशा, आणि पुन्हा हसल्या. हसायला त्यांना आता निमित्तच हवं होतं.

शेड काकांकडेच राहिली. पण डॉक्टर जाता जाता म्हणाला, "खिडकी मात्र बदलायला हवी. कुठे बसायचं ते काकूंना विचारून ठरवा." आणि काकांच्या नाकाला पुन्हा मिरच्या झोंबल्या. काकूंना विचारून. ज्या माणसानं उभा जन्म उजेडात घालवला त्यानं.

त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी काकू यायच्या आधीच स्टूल आणि आरसा उचलून मागच्या जिन्याच्या वळणावर नेऊन मांडला. काकू पट्टी घेऊन वर आल्या, खोलीत कुणी नाही पाहून मागे आल्या.

"इथे बसणार मी," काका म्हणाले. "ठरलंय."

"बघू तरी." काकूंनी पट्टी त्यांच्या हातात दिली. "धरा. हलवू नका."

काकांनी पट्टी धरली. काकूंनी फोटो काढला आणि मोबाईलकडे बघत राहिल्या. काका मान उंचावून वाट बघत होते. त्यांच्या मनातून यंत्रानं आता नाही म्हणायला हवं होतं. वळण चुकीचं आहे, तिकडे टाकीपाशी बसा, असं काहीतरी. मग त्यांनी ते ऐकलं नसतं आणि एकदाचं दाखवून दिलं असतं.

"एकदम बरोबर," काकू म्हणाल्या. "याहून चांगली जागा या इमारतीत नाही. मी पण हीच सुचवणार होते."

काकांचा चेहरा पडला. दोघांचं एकमत झालं याचं इतकं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"मी आधी म्हटलं होतं," ते म्हणाले. "तू यायच्या आधी स्टूल आणलंय मी. विचार हवं तर कुणालाही."

"हो, तुम्हीच आधी," काकू म्हणाल्या, आणि पर्स ठेवायला जागा शोधू लागल्या.